लेकीच्या नावाचे मांडे

भिकुबाईच्या दारात भाव कमी करून घ्यायला आलेलं माणूस कधी भाव कमी करून परत गेलं, असं धुळ्याच्या त्या गल्लीत तेव्हा कोणालाच आठवत नसे. पांझरेच्या काठाकडे उतरणारी ती गल्ली. तिच्या टोकाला दोन खोल्या, पुढे पत्र्याचं छप्पर आणि छपराखाली दगडांच्या मोठ्या चुलीवर उपडं घातलेलं मातीचं खापर. त्या खापरावर भिकुबाई पुरणाचे मांडे करायची आणि विकायची. साल असेल पंच्याऐंशी-शहाऐंशीचं. तिच्या एका मांड्याच्या भावात बेकरीचा पाव घरभर पुरला असता, आणि ही गोष्ट लोक तिला तोंडावर ऐकवायचे.

“इतला महाग? अक्का, पुरनमा सोनं घालतस का वो?”

“सोनं तुमना घरमा. मना घरमा गहू शे,” हात न थांबवता ती म्हणायची. “परवडत नही व्हई तर बेकरीवर जा. तठे पाव सस्ता शे, आनि मव बी शे.”

गिऱ्हाईक तणतणत निघून जायचं आणि लग्नसराई आली की मुकाट्याने परत यायचं. दुसरीकडे जाऊन जाणार कुठे? ती गहू स्वतः निवडायची, ओलवून दळून आणायची आणि जुन्या धोतराच्या कापडातून पीठ चाळायची. कणीक तर अशी तिंबायची की शेजारच्या घरातलं निजलेलं पोर उठून बसावं. परातीत आपटून आपटून तिची तार निघू लागली की मग पुरण भरलेला गोळा दोन्ही हातांवर यायचा. तळव्यावरून मनगटावर, मनगटावरून कोपरापर्यंत तो असा फिरत फिरत पसरायचा की बघणाऱ्याचा जीव वर-खाली व्हावा. पुरण बाहेर यायचं नाही, कणीक फाटायची नाही. पातळ लुगड्यासारखा झाला की ती तो तापल्या खापरावर झेपावून टाकायची, आणि प्रत्येक वेळी हाताचा कुठला तरी भाग त्या मातीला टेकायचाच. तिच्या दोन्ही हातांना कोपरापर्यंत केस नव्हते. कातडीवर काळे-पांढरे डाग होते, आणि ती ते पदराखाली झाकायचीही नाही.

भाव तिने उगाच धरलेला नव्हता. साक्रीकडच्या तिच्या सासरच्या खेड्यात लग्न निघालं की भावकीतल्या बायकाच मांडे करायच्या. रीतच होती ती. जिला हात होता तिला प्रत्येक घरातून बोलावणं यायचं आणि मानाने यायचं. तो मान म्हणजे काय, तर पहाटेपासून जाळापुढे बसायचं, सगळ्यांच्या पंगती उठल्या की शेवटी कढी-भात खायचा आणि खणाचा एक तुकडा घेऊन घरी जायचं. अभिमन, तिचा नवरा, तेलाच्या घाण्यावर हमाल होता. तो गेला तेव्हा लता जेमतेम चालू लागली होती. तरी तीच घरं तसंच बोलावणं पाठवत राहिली. “तुना हातले चव शे वो,” म्हणायची. घरात दाणा आहे की नाही, हे एकीनेही विचारलं नाही. शेवटी एका लग्नघरात चुलीजवळूनच ती म्हणाली, “हातले चव शे, तसं माले पोट बी शे.” त्या दिवशी मांडे झाले आणि पुढच्या महिन्यात ती लेक कडेवर घेऊन धुळ्याला आली.

भाऊबंदांना हे फार लागलं. ‘मांडे इकस’ असं ते तिच्याबद्दल बोलायचे, जणू ती देव विकत होती. पाहुण्याच्या ताटात प्रेमाने वाढायची वस्तू ही बाजारात मांडते! भिकुबाईला वाईट वाटायचं, खोटं कशाला बोला. पण ती भाव खाली आणायची नाही. बिनपैशाच्या कामाला लोक किती किंमत देतात, ते तिने स्वतःच्या पोटाने पाहिलं होतं.

एक गोष्ट मात्र तिने पक्की ठरवली होती. लताचा हात खापराला लागू द्यायचा नाही.

पोर दहा वर्षांची झाली, कणकेशी खेळू लागली, तशी भिकुबाईने तिला चुलीपासून हाकललं. “पुस्तक घी. आठे यानं नही.” शेजारणी म्हणायच्या, अगं, तुझी विद्या तुझ्याबरोबर जाईल. ती म्हणायची, जाऊ दे. लता शाळेतून आली की ती तिचे हात धरून बघायची. गोरे नव्हते, पण नितळ होते, कुठे डाग नाही. बांगड्या त्या हातात अशा शोभायच्या की भिकुबाईला आपलं सगळं जळणं वसूल झाल्यासारखं वाटायचं. लता बारावी झाली. त्या गल्लीत तोवर एकही मुलगी बारावी झाली नव्हती.

आणि मग जळगावचं स्थळ आलं. मुलगा पंडित, पाटबंधारे खात्यात कारकून, बापामागे आईनेच वाढवलेला. आई यशोदाबाई मोठी तोंडाळ आणि मोठी खवय्यी. मनात काही ठेवणारी बाई नव्हती ती. मुलगी बघायला आली, चार प्रश्न विचारले आणि मांडा पुढे आल्यावर मुलीला विसरूनच गेली. तेवढ्यात बरोबर आलेला मुलाचा एक चुलता हळूच म्हणाला, “सगळं ठीक, पण खायचं विकणाऱ्या बाईच्या घरची सोयरीक म्हणजे...” भिकुबाईने ते ऐकलं.

“तुम्ही गप बसा हो,” यशोदाबाई म्हणाल्या. “विकू देत की. हा हात माझ्या घरात येणार असेल तर मला बाकी काही नको. का हो बाई, पोरीला येतात ना मांडे?”

सगळे तिच्याकडे बघत होते. आतल्या खोलीच्या दाराशी लता उभी होती. नाही म्हटलं असतं तर त्या चुलत्याचं फावलं असतं.

“मनापेक्षा भारी करस,” भिकुबाई म्हणाली.

सोयरीक जुळली. उभ्या खान्देशात मांडेवालीच्या लेकीला मांडे येत नसतील अशी शंका कोणाला येणार होती?

लग्नानंतरच्या पहिल्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लता माहेरी आली. पोरी झोके बांधून गाणी म्हणत होत्या आणि ही छपराखाली गुडघ्यात डोकं घालून बसली होती. “माय, आत्याबाईंनी सगळ्या भावकीला रसाच्या जेवणाला सांगितलंय. मांडे मी करणार म्हणून. आता मी काय करू?” सासूला ती आत्याबाई म्हणायची.

भिकुबाईने तिला खापरासमोर बसवलं. गोळा हातावर दिला. तो मनगटाशी फाटला, पुरण लुगड्यावर सांडलं. दुसरा फाटला. तिसरा कसाबसा कोपरापर्यंत आला आणि खापरावर टाकताना लताचा हात टेकला. चर्र झालं. त्या नितळ हातावर टम्म फोड उठला आणि भिकुबाईला तो बघवेना. आपल्या हातावर असे शेकडो उठले, कधी फुंकरही घातली नव्हती.

“सर बाजूले,” ती म्हणाली. “मी करस.”

जळगावात तिची लांबची बहीण कमलबाई राहायची, जुन्या वस्तीत, मागे अंगण असलेल्या घरात. लताचं सासर नव्या कॉलनीत होतं. ओटा, गॅस, शेजाऱ्याच्या खिडकीला लागून खिडकी. तिथे खापर मांडायला जागा कुठली? तेव्हा सून कमलमावशीच्या अंगणात जाऊन मांडे करून आणते, यात कोणाला नवल वाटलं नाही. भिकुबाई पहिल्या एस.टी.ने धुळ्याहून निघाली, पीठ आणि पुरण मांडीवर घेऊन. कमलबाईच्या अंगणात तिने चूल पेटवली. लता शेजारी बसून चुलीत कपाशीच्या पऱ्हाट्या सारत राहिली. दुपारी टोपलीवर धुतलं फडकं टाकून लता घरी गेली, आणि भिकुबाईने फडक्यात बांधून आणलेली भाकर खाल्ली, कमलबाईच्या हातचा चहा घेतला आणि परतीची गाडी धरली. नातवंडाआधी लेकीच्या घरी जेवायचं नाही असं तिच्याकडे होतं, म्हणून घर बघायचं राहिलंच होतं. आता तर जाणं शक्यच नव्हतं. अंगाला धुराचा वास येत होता.

पंगत खूश झाली. यशोदाबाईंनी सुनेची दृष्ट काढली.

एकदा झालं ते झालं म्हणता म्हणता ते रीतच होऊन बसलं. रसाचं जेवण, पितरं, नणंदेचं डोहाळजेवण, साहेब घरी जेवायला येणार. निरोप यायचा आणि भिकुबाई गाडी धरायची. लता मधून मधून म्हणायची, “माय, मी सांगून टाकते घरी.” भिकुबाई तिच्यावर उसळायची. खोट्याने सोयरीक केली हे कळल्यावर तो चुलता काय म्हणेल? पंडितराव काय म्हणतील? खोटं मी बोलले, पण डाग तुझ्या पदराला लागेल. लता टोपली उचलून निघायची. जिने आयुष्यात कोणाला अर्धा मांडा फुकट दिला नाही, ती आता टोपल्या भरून देत होती. वर तिचं नावही त्यावर नव्हतं.

आणि गंमत अशी की ते मांडे तिच्या नेहमीच्या मांड्यांहून सरस व्हायचे. कमलबाई म्हणायचीच, “भिकू, आठे तुना हात येगळाच चालस.” चालणार नाही तर काय. लेकीचा संसार त्या हातावर तोललेला होता.

लताला मुलगी झाली. बारशाला भिकुबाई पहिल्यांदा लेकीच्या घरात जेवायला बसली. सकाळी कमलबाईच्या अंगणात मांडे झाले होते. मग तिने आंघोळ केली, नवं लुगडं नेसली, लांब बाह्यांची चोळी घातली आणि पाहुणीसारखी, बाळाच्या झबल्या-टोपड्याचं ताट घेऊन कॉलनीत आली. घर स्वच्छ होतं. भिंतीवर लताने विणलेलं काहीबाही टांगलं होतं. भिकुबाईला फार बरं वाटलं. आपली पोर चांगल्या घरात पडली, असं ती मनाशी म्हणाली.

पंगतीत यशोदाबाईंनी स्वतः तिला मांडा वाढला. वर तुपाची धार सोडली.

“खाऊन बघा विहीणबाई. तुमच्याच लेकीचा हात आहे.”

भिकुबाईने एक घास घेतला. जायफळ किंचित कमी पडलं होतं.

“कसा झालाय?”

“चांगला शे.”

“नुसता चांगला?” यशोदाबाई मोठ्याने हसल्या. त्यांना विहिणीला टोचायचं नव्हतं, सुनेचं कौतुक करायचं होतं. पण कौतुक करताना त्यांना आवाज आवरत नसे. “अहो, राग मानू नका, पण तुमचाही मांडा मी खाल्लाय. मुलगी बघायला आलो तेव्हा. याची सर नाही हो त्याला. आणि तुम्ही त्याचा एवढा भाव लावता! खरं सांगा, आहे का तो मांडा तेवढ्या किमतीचा?”

धुळ्याहून आलेल्या दोघी-तिघी मान वळवून बघू लागल्या. लता वाढता वाढता हातात तुपाची वाटी घेऊन तशीच उभी राहिली. तिचे ओठ हलले. भिकुबाईने तिच्याकडे एकदाच पाहिलं आणि ते ओठ मिटले.

या एका प्रश्नावर भिकुबाईने आयुष्यभर लोकांना दारातून परत पाठवलं होतं. भाऊबंद तोडले होते. जिभेवर उत्तर तयार होतं आणि ते ताटात समोर पडलेलं होतं.

“नही वो बाई,” ती म्हणाली. “तितला भावना नही मना मांडा. पोरनी सर माले कोठली येवाले?”

यशोदाबाईंना तिचा मोठेपणा वाटला. त्यांनी आग्रह करून आणखी एक मांडा वाढला, आणि भिकुबाईने तो खाल्ला.

ही गोष्ट भिकुबाईच्या आधीच धुळ्याला पोहोचली. पुढच्या लग्नसराईत गिऱ्हाईक दारात उभं राहायचं आणि म्हणायचं, “अक्का, तुम्हीच तर कबूल करं म्हने, इतला भावना नही.” काय बोलणार? बोलायला गेलं तर सगळंच उकलायचं. पहिल्यांदा तिने भाव उतरवला. मग परत उतरवला. पण एकदा हलका म्हटलेला माल स्वस्तातही लोक नाक मुरडूनच घेतात. बाजारात यंत्रावरच्या पुरणपोळ्या आल्या होत्या, जेवणावळीचे ठेकेदार आले होते. तिच्या छपराखाली कधी कधी आठवडा आठवडा चूल पेटायची नाही. त्या दिवसांत ती एकटीच बसून रडायची. रडण्याचं कारण सांगायला कोणी नव्हतं, कारण जिला सांगावं त्या लेकीलाच कळू द्यायचं नव्हतं.

तिच्या हाताने पुरती साथ सोडली ती पंच्याण्णव सालात. धुळ्यातच, रिकाम्या परातीपाशी ती उजव्या अंगावर पडली. लकवा. उजवा हात गेला, पाय गेला, वाचाही गेली म्हणण्यासारखीच. ‘हो’ आणि ‘नही’ एवढे दोन शब्द तोंडात उरले. बाकी सगळं डोळ्यांत.

पंडित स्वतः टॅक्सी करून गेला आणि सासूला घरी घेऊन आला. यशोदाबाईंनी पुढच्या खोलीत खाट घातली. वेणी-फणी, न्हाऊ-माखू, सगळं त्या करायच्या, लता थकली की तिला उठवून स्वतः खाटेपाशी बसायच्या. भिकुबाई त्यांच्याकडे बघत पडून राहायची. इतकी भली बाई, आणि हिला आपण इतकी वर्षं फसवलं, असं तिच्या मनात यायचं. बोलता येत नाही तेच बरं, असंही यायचं.

वैशाख आला. रसाचं जेवण यंदा नको असं लता म्हणत होती, पण भावकीच जमली. यशोदाबाईंनी जळगावातल्याच एका बाईकडून मांडे आणवले. त्या बाईने तोंडाला येईल तो भाव घेतला होता आणि मांडे चामड्यासारखे चिवट निघाले. यशोदाबाई कुरकुरत होत्या. “भाव देण्याचं दुःख नाही हो. माझ्या सुनेसारखा हात असेल तर मागेल ते द्यावं, वर पाया पडावं. पण हे काय! आणि सुनेला मी कसं सांगू? आईला असं झाल्यापासून बिचारीने खापराला हात लावलेला नाही. जीव लागत नाही तिचा.”

तो चुलता आता म्हातारा झाला होता. खाटेकडे बघून म्हणाला, “आईनं धंदा केला, पण पोरीचा हात देवानं दिलेला. ते विकत मिळत नाही.”

लताच्या हातातलं पातेलं खाली आदळलं. रस सांडला.

“माझा हात नव्हता तो,” ती म्हणाली. ती रडू लागली होती, तरी थांबली नाही. “एकही मांडा मी केलेला नाही. या घरात तुम्ही जेवढे खाल्लेत ते सगळे मायने केले. कमलमावशीच्या अंगणात. पहिल्या गाडीने यायची आणि उपाशी-तापाशी परत जायची. बारशाला तुम्ही तिला विचारलंत ना, तुझा मांडा त्या भावाचा आहे का? तो तिचाच होता. आत्याबाई, तो तिचाच होता.”

पंडित बायकोकडे बघतच राहिला. त्याच्या चेहऱ्यावर राग होता की काय होतं, ते भिकुबाईला खाटेवरून नीट दिसेना. चुलत्याने मात्र ताटातला हात काढून घेतला, तो तिला दिसला. आणि दाराशी नात उभी होती, आईला इतकं रडताना पाहून घाबरलेली.

यशोदाबाई खाटेपाशी आल्या. खाली वाकल्या. आज त्यांचा आवाज चढलेला नव्हता, हसूही नव्हतं.

“विहीणबाई,” त्यांनी विचारलं, “खरं आहे का हे? ते मांडे तुमचे होते?”

दोनच शब्द उरले होते आणि त्यातला एक पुरेसा होता. हो म्हटलं की सगळं परत येणार होतं. धुळ्यातली गिऱ्हाइकं, तोडलेले भाऊबंद, हा चुलता, सगळ्यांना तिच्या हाताची किंमत एका शब्दात कळणार होती, आणि ती कळावी असं तिला फार वाटत होतं. इतकं की डोळ्यांतून पाणी आलं. लता पलीकडून मान हलवत होती, म्हण माय, म्हण. भिकुबाईने तिच्याकडे पाहिलं, पंडितकडे पाहिलं, आणि ताटावरून अर्धवट उठलेल्या त्या म्हाताऱ्याकडे पाहिलं.

“नही,” ती म्हणाली.

शब्द स्वच्छ आला. इतका स्वच्छ लकव्यानंतर एकही आला नव्हता. चुलता परत खाली बसला.

यशोदाबाईंनी डोळे पुसले आणि लताला जवळ ओढलं. “वेडी गं तू. आईला बरं वाटावं म्हणून असं बोलायचं का? बघ, तिलाच पटलं नाही.” त्यांनी तिला थोपटलं, पंडितला पाणी आणायला सांगितलं, आणि विकतच्या मांड्याचा एक घास मोडून, दुधात बुडवून, भिकुबाईच्या तोंडाशी धरला.

“घ्या विहीणबाई. लताच्या हातचा नाही, पण घ्या.”

भिकुबाईने तोंड उघडलं.